पाणकणसातलं घरटं

सरोज मोहिते मूळच्या कऱ्हाडच्या. नवरा दिनकर फौजेत. शेवटची बदली लखनऊ छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिली. शहराबाहेर एका संस्थेकडे सांभाळायला दिलेलं राखीव तळं आहे. तिथे येणाऱ्या शाळांच्या मुलांना सरोजताई हौसेनं पक्षी दाखवायच्या.

एका पावसाळ्यात सारसाच्या जोडीनं तिथल्या पाणकणसात, काठाकाठानं पाण्यात वाढणाऱ्या उंच गवतात, घरटं केलं. घरटं म्हणजे पाण्यातून वर आलेला गवताचा ढीग, वर दोन अंडी. सरोजताईंनी संस्थेच्या व्यवस्थापकाला, निरंजनला, स्वतः नेऊन ते दाखवलं. तो नागपूरचा, त्यांना काकू म्हणणारा, सणावाराला घरी जेवायला येणारा.

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या, तर तळ्यात जेसीबी. एका काठाचं पाणकणीस पार उपटलेलं.

"सुशोभीकरण आहे, काकू," निरंजन म्हणाला. "नावा चालवायच्यात. लोक यायला हवेत ना?"

"आणि अंडी?"

"ती उचलून नेऊ. मशीनमध्ये उबवतील."

"घरटं मी तुला दाखवलं होतं निरंजन. हे करायला?"

"दाखवलंत म्हणून तर अंडी वाचतायत."

सरोजताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचून त्या तशाच पाण्यात उतरल्या आणि जेसीबी आणि घरट्याच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. सारसाला काय ठाऊक ही कुणाच्या बाजूची. पंख पसरून तो मागून धावून आला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर चोच हाणली. ब्लाउज फाटला, रक्त आलं. त्या हलल्या नाहीत.

"माताजी, हट जाइए, मार डालेगा," ड्रायव्हर ओरडला.

"पहले तुम मशीन हटाओ, भैया."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. निरंजननं दम दिला तरी तो पुन्हा चढला नाही. काठावरच्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ दुपारपर्यंत शहरभर फिरला. संध्याकाळी वरून फोन आला आणि काम थांबलं.

एका अंड्यातून पिल्लू निघालं. दुसरं वाया गेलं.

हिवाळ्यात संस्थेनं फाटकावर पिल्लाचा भलामोठा फोटो लावला, खाली 'आमचे यश', आणि सरोजताईंना सत्काराला बोलावलं. दिनकरराव म्हणाले, "जाऊ दे आता. शाल घे आणि ये."

त्या गेल्या. शाल घेतली नाही, माइक घेतला. "हे पिल्लू तुमच्यामुळे नाही, तुमच्या तावडीतून वाचलंय," त्या हिंदीत म्हणाल्या. "समोरचा उघडा काठ बघा. तिथे यंदा एकही पाणकोंबडी आलेली नाही. त्याचाही फोटो लावा फाटकावर."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांना आत सोडणं बंद झालं.

आता त्या मुलांना बाहेरच्या बांधावरून सारस दाखवतात. काठ कुणी उपटला, हे मुलं विचारतातच. सरोजताई निरंजनचं नाव घेऊन सांगतात.