उजवीकडची गॅलरी

पत्रकं मी पुष्कळ लिहिली. ही गोष्ट त्यातल्या एकातही नाही. घरी नाही, संघटनेत नाही — चार वर्षं मी ती कुणापाशीच बोललेलो नाही.

विठ्ठलवाडी डेपोसमोर आम्ही संघटनेची पत्रकं वाटायचो. माझं ठरलेलं वाक्य होतं: अंदाजावर घरं बांधणं बंद करा, कॉम्प्युटर आणा. राग खोटा नव्हता. उल्हासनगरात सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढून मजले चढवलेले तुम्हीही पाहिलेत ना?

पोटासाठी मी एका इंजिनिअरकडे नकाशे काढायचो. साहेबांनी कॉम्प्युटर घेतला. त्याला काचेची खोली, एसी, दारात चपला काढायच्या. आत बसायचा मान माझा. ट्रेसिंग पेपरवर चूक झाली की ब्लेडनं खरवडावी लागायची आणि ओरखडा कायमचा राहायचा. इथे ओरखडाच नाही. केवढं कौतुक होतं मला त्याचं.

बदलापुरात खरवईला एका इमारतीचं काम होतं. दोन्ही बाजूंना सारख्या गॅलऱ्या. डावी काढली, तीच उलटवून उजवीकडे बसवली — फक्त आरशातल्यासारखी उलटायची ती मी अर्धी गिरकी देऊन फिरवली, वरचं अंग खाली. गॅलरीच्या सळ्या वरच्या अंगाला लागतात. माझ्या कागदावर त्या खाली गेल्या. मी तपासलं नाही. कॉम्प्युटरचं काय तपासायचं?

सळ्या बांधणारा कमळू, बारवीकडच्या वाडीतला. नकाशा घेऊन तो ऑफिसात आला. पायाला सिमेंट, म्हणून काचेबाहेरच उभा.

"भाऊ, उजवीकडं सळ्या खाली दावल्यात. गॅलरी वरनं फाटंल ना."

मी उठलोसुद्धा नाही. "कॉम्प्युटरनं काढलंय, कमळू. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. कागदाप्रमाणे बांध."

त्यानं बांधलं.

टेकू काढले आणि उजवी गॅलरी खाली आली. मेलं कुणी नाही — हे मी सूट मागायला सांगत नाही. साहेब साइटवर जायला निघायच्या आधी मी फाईल उघडली, सळ्या वर नेल्या, जुनीच तारीख ठेवून नवी प्रत काढली. किती वेळ लागला असेल? चहा निवला नव्हता. साइटवर त्यांच्या आधी पोचलो, तिथली जुनी प्रत घडी करून खिशात घातली, नवी ठेवली.

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "डावी नीट बांधलीस, मग उजवीला काय झालं? टाकून आला होतास?"

"कागदात तसंच व्हतं, सायेब."

साहेबांनी कागद पुढे केला. कमळूनं तो उन्हात धरून पाहिला, बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल — तू सांगितलंस म्हणून. मी काय केलं असतं? नाकारलंच असतं.

तो म्हणाला, "कागद बराबर हाय. मंग माजंच डोकं फिरलं आसंल."

कॉम्प्युटर चुकत नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

आणि एवढ्यावर मी थांबलो का? पुढच्या पत्रकात खरवईची गॅलरी घातली. अडाणी कारागिराचा अंदाज कसा जिवावर बेततो, त्याचं उदाहरण म्हणून. नाव नव्हतं छापलं. गरजही नव्हती. बदलापुरात ज्याला त्याला ठाऊक होतं. डेपोसमोर ते मीच वाटलं, दोन्ही हातांनी.

परवा आनंदनगरला एका कारखान्याच्या भिंतीचं काम चाललं होतं. कमळू विटा वाहत होता. मला पाहून हसला. सळ्यांचं काम का सोडलं, असं मी विचारलं — विचारू शकलो, बघा.

"आता हातावर भरवसा नाय ऱ्हायला, भाऊ," म्हणाला आणि पाटी डोक्यावर घेतली.

मी निघून आलो.

त्याचा हात बरोबर होता. कागद चुकला होता, तो मी काढला होता आणि मीच बदलला. जुनी प्रत माझ्याकडे आहे. हे सांगायला त्याच्या वाडीवर मी अजून गेलेलो नाही.