बाबांच्या गाडीची दुसरी चावी

२७ ऑगस्ट, शनिवार, सकाळी साडेसहा, नाशिक. हजर: बाबा, आई, माझा नवरा मंदार, सहा वर्षांची रेवा आणि मी. मोठ्या बॅगा चार. तीन डिकीत गेल्या, चौथी मागच्या सीटवर, आईच्या जागेवर. त्यामुळे आई फाटकातच थांबली. "बॅग जाऊ दे. मी थोडीच विमानात बसणार आहे?" म्हणाली आणि रेवाच्या हातात लाडवांचा डबा दिला.

गाडी फ्रेंच कंपनीची, पण नाशिकमध्येच जोडलेली. त्या कंपनीने भारतीय भागीदाराबरोबर इथे पहिली गाडी बाहेर काढली, त्या वर्षी मी तिथे क्वालिटीत होते. फ्रान्सहून आलेले कागद वाचता यावेत म्हणून आम्ही शिफ्टनंतर फ्रेंच शिकायचो. तिकडचे इंजिनिअर कँटीनमध्ये मिसळ खाऊन डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचे. आमच्या फ्रेंच साहेबांचा एकच नियम होता: वस्तूला हात लावल्याशिवाय यादीत खूण करायची नाही. त्याच वर्षी बाबांनी ही पांढरी गाडी घेतली. "लेकीने तपासलेली आहे," असं ते पेट्रोल पंपावर अनोळखी माणसांनाही सांगायचे. पुढे भागीदारी संपली, फ्रेंच मंडळी परत गेली. माझं फ्रेंच मात्र राहिलं आणि कॅनडाच्या पीआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याला, अप्लाय करताना त्याचे पॉइंट्स मिळाले.

निघतानाच्या यादीत तेवीस कामं होती. 'दुसरी चावी बाबांना देणे' यावर मी घाईत आधीच खूण करून टाकली. चावी सापडली टोरांटोच्या विमानतळावर, माझ्या पर्समध्ये.

आता आम्ही ओकव्हिलला. इथल्या रस्त्यांवर ती गाडी दिसत नाही. कॅनडात ती विकतच नाहीत. फ्रिजवर माझी यादी असते: विंटर टायर्स, ग्रोसरी, बेसमेंटचा दिवा. रेवा आता हायस्कूलला आहे; तिच्या फ्रेंचची उजळणी मी घेते, तेव्हा ती हसून म्हणते, "आई, युअर फ्रेंच साउंड्स सो नाशिक!" इथे बरं चाललंय, आणि तसं लिहायला आता संकोच वाटत नाही.

गेल्या रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी गाडी चालवणं सोडलंय. गल्लीतल्या कविताबाईंना शाळेत शिकवायला जायला ती गाडी हवी आहे, दोन्ही चाव्यांसकट.

"तीनदा आलीस, तिन्ही वेळा चावी विसरलीस," बाबा म्हणाले. "तू विसरणारी नाहीस गं."

शेवटी मी विचारलंच, "गाडी गेली तर आम्हाला विमानतळावर आणायला कोण येणार?"

"मी येईन की! टॅक्सीत मागे बसून. आजवर काय गाडी एकटी येत होती?"

मागून आई म्हणाली, "आणि या वेळी मीही येणार. बॅगा ठेवा टपावर!"

इतकी वर्षं मी घर म्हटलं की फाटकासमोरची ती पांढरी गाडीच धरून चालले होते. घर तर या दोघांच्या बोलण्यात होतं, आणि ते कुठल्याही गाडीतून यायला तयार होतं. मी हो म्हटलं.

चावी पाकिटात घातली, पत्ता लिहिला. जुनी यादी काढून त्या कामावरची खूण खोडली. पाकीट अजून दाराजवळच्या टेबलावर आहे. पोस्टात ते माझ्या हातातून सुटेपर्यंत यादीतली ती खुणेची जागा रिकामीच राहील.