वळच्या नाक्यावरची बस

मी भिवंडीजवळचं आमचं वळ गाव सोडलं ते ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून. कंपनीचं चेन्नईजवळ नवं गोडाऊन उघडत होतं, इथले रॅक तिकडे चालले होते आणि त्यांच्यासोबत मी. ड्रायव्हर जौनपूरचा होता. "बैठो भाई, सामान के साथ सुपरवायजर भी पार्सल," असं म्हणत त्यानं माझी बॅग सीटमागे कोंबली. आई रस्त्याच्या कडेला तोंडाला पदर लावून उभी होती. रडत नव्हती, धूळ फार होती. "तिकडं भात पानावर वाढतात म्हनं. लाजू नको, पोटभर जेव," एवढंच म्हणाली. ताई निरोप द्यायला आली नव्हती. ती सकाळीच गेटवर गेली होती.

आपल्यातले जे लहानपणीच गावाबाहेर पडले त्यांना हे गेट कदाचित आठवणार नाही, म्हणून सांगतो. गोडाऊनच्या लोखंडी दारासमोर रोज सकाळी बायामाणसं उभी राहत. मुकादम यायचा, बोट दाखवायचा. तू ये, तू ये, तू राहू दे. ज्याच्या जमिनीवर गोडाऊन उभं, त्याच्याकडेच माणसं पुरवायचं कंत्राट, हा आपल्या पट्ट्यातला न लिहिलेला कायदा. मुकादमही त्याचाच. त्यामुळे बोट आधी त्याच्या भावकीकडे वळे, मग ओळखीपाळखीकडे, आणि उरलंसुरलं काम आमच्या बौद्धवाडीकडे. आमच्याकडे जमीनच नव्हती, तर गोडाऊनचं भाडं कुठून येणार? वडील जन्मभर भिवंडीत सुताचे गठ्ठे वाहत राहिले. ते म्हणायचे, "गेट ज्याचे हातात, भाकर त्याचे हातात."

मी शिकलो, त्याच गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर बसलो, सुपरवायजर झालो. ताई नवरा गेल्यावर माहेरी आली होती आणि त्याच गेटवर उभी राहत होती. आता बोलायला बसलोच आहे तर हेही बोलून टाकतो. मी बाइक समोरून नेत नसे. मागे ट्रकांसाठी वेगळं फाटक होतं, तिथून आत जायचो. ताईवर मुकादमाचं बोट पडतं की नाही, हे मला बघायचं नव्हतं. बढतीवर चाललोय असं मी सगळ्यांना सांगितलं, पण बदली मी मागून घेतली होती. ताईनं कधी विचारलं नाही. तिला ठाऊक असावं.

श्रीपेरुंबुदूरला, म्हणजे चेन्नईजवळच्या त्या नव्या गोडाऊनमध्ये, पहिल्याच आठवड्यात मला सेल्वी अक्का दिसली. अंगावर साडी, वर कंपनीचा निळा कोट, केसांत मोगऱ्याचा गजरा आणि बुडाखाली फोर्कलिफ्ट. पार वरच्या रॅकवर माल चढवून ती खाली बघून हसली, "एन्ना सार, सापटींगळा?" जेवलात का, म्हणून विचारत होती. मी तोंड उघडं टाकून उभा. आपल्याकडे बाईनं त्या गाडीला हात लावला तरी मुकादम खेकसायचा. अक्का शेजारच्या गावातून कंपनीच्या बसनं यायची. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात. लेकरू गोडाऊनमागच्या पाळणाघरात. आणि गेटवर कुणीच उभं नसे. आधी मला वाटलं, आज सुट्टी आहे की काय!

तिकडची सगळीच गोडाऊनं अशी होती असं मुळीच नाही. आमच्या मॅनेजरबाईंनी ही पद्धत बसवली होती. बाई दयाळू वगैरे नव्हत्या, पक्क्या हिशेबी होत्या. रोज नवं माणूस आलं की रोज नवी चूक होते, माल फुटतो, बिल चुकतं. कायम ठेवलेलं, शिकवलेलं माणूस टिकतं. एवढं साधं त्यांचं गणित. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या की गरिबाला मदत करायची असेल तर वर्षातून एकदा वह्या वाटू नका, त्याला वर्षभराचं काम द्या आणि कामावर घेताना मध्ये कुणाला उभं करू नका. मी मान हलवली. मनात मात्र ताई त्या गेटवर उभी होती.

वर्षं गेली. मी सांबारात चिंच ओळखायला शिकलो, "सरी, सरी" म्हणत बरं-बरं अशी मान डोलवायला शिकलो. माझी मुलगी घरात तमिळ बोलते आणि आजीशी बोलायचं झालं की आधी मनात मराठी शब्द जुळवते. आपल्यातले जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गावाला पैसे पाठवतो म्हणजे गावाचं फिटलं, अशी आपण आपली समजूत घालून घेतो. मीही घातली होती.

मग कंपनीनं वळलाच दुसरं, पहिल्याहून कितीतरी मोठं गोडाऊन बांधलं आणि ते चालू करायला मला पाठवलं. मी मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो. पॅकिंगची सगळी माणसं आजूबाजूच्या गावांतून थेट घ्या, निम्म्याहून जास्त बाया घ्या, फोर्कलिफ्ट शिकवा, बस द्या, पाळणाघर द्या. साहेब लोकांनी ऐकून घेतलं आणि एक अट घातली. पहिल्या आठवड्यात शिफ्ट भरली पाहिजे. नाही भरली तर नेहमीसारखं जमीनमालकाचं कंत्राट.

जमीनमालक म्हणजे नाना. मी त्यांना भेटायला गेलो. सोफ्यावर बसवून त्यांनी मला कपबशीतून चहा दिला. माझ्या वडिलांनी त्याच घराच्या ओट्याखाली उभं राहून पाणी प्यायलेलं मी पाहिलंय. नानांनीही पाहिलं असणार, पण तो विषय आम्ही दोघांनी काढला नाही.

"सायब झालास, बरा झाला," नाना म्हणाले. "पन जागा कोनाची हाय? जागा ज्याची, मानसं त्याची. असाच चालत आलाय."

"नाना, भाडं तुमचं तसंच राहील. एक पैसा कमी होणार नाही."

"भाड्यानं पोट भरतंय रे," ते हसले, "वट न्हाय भरत."

दुसऱ्या दिवशी गावात निरोप फिरला. जी बाई कंपनीच्या बसमध्ये चढेल तिला नानांच्या बाकी गोडाऊनमध्ये काम नाही. म्हणजे आमचं फसलं तर त्या बायांचं हातचंही जाणार होतं. ताईचं सगळ्यात आधी.

तरी ताई रोज संध्याकाळी घरोघर फिरली. आमच्या वाडीत फिरली आणि मोठ्या गावातही. मला वाटत होतं, मोठ्या गावाला काय गरज? जमिनी त्यांच्या, भाडी त्यांची. ताईनं मला वेड्यात काढलं. "भाडं बाप्यांच्या नावावर येतं, रव्या. शेतावर गोडाऊनं आली, भातलावनी गेली, झोडनी गेली, बायांच्या हातात काय उरलं? टीव्हीचा रिमोट. तोबी सासरा आला की जातो."

पहिल्या दिवशीची बस मी हौसेनं थेट आमच्या वाडीत आणली. बुद्धविहारासमोर उभी केली. ज्या वाडीत यायला एके काळी रिक्षावाले कुरकुरायचे तिथं पांढरीशुभ्र एसी बस! चेन्नईला बस वस्तीवस्तीत जायची, मीही तसंच ठरवलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. ती बस आमच्या दारात उभी राहिलेली मला डोळे भरून बघायची होती. वाडीतल्या बाया चढल्या, निरोपाला न घाबरता चढल्या. बस निघाली. पुढे नाक्यावर मोठ्या गावातल्या बाया डबे घेऊन उभ्या होत्या. बस थांबली, दार उघडलं. त्यांनी आत आधीच बसलेल्या आमच्या वाडीतल्या बायांकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि एकही चढली नाही. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "अगो, ती वाडीची बस हाय, तुमची नंतर येल!" टपरीवर हशा पिकला. दार बंद झालं. शिफ्ट अर्धी रिकामी गेली.

घरी आल्यावर ताईनं मला फाडून खाल्लं.

"कोनी सांगितलं तुला बस दारात आनायला? वरात काढतोस का आमची?"

"अगं, तुमची सोय…"

"सोय गेली खड्ड्यात. तू बसवरच पाटी लावलीस, ही ह्यांची, ही त्यांची. मी घरोघर फिरून समद्यांना एक केलं आन् तू दारात आनून दोन केलंस. उद्या बस नाक्यावर लाव. आम्ही चालत येऊ, त्या चालत येतील. समद्याच उभ्या राहू, मग समद्याच चढू."

मी आयुष्यभर ज्या बाईला उभं राहिलेलं बघू शकलो नाही, तीच मला सांगत होती की कुठं उभं राहायचं ते आम्ही ठरवू.

दुसऱ्या सकाळी बस नाक्यावर लागली. दोन्हीकडच्या बाया दोन बाजूंना उभ्या. पहिलं पाऊल कुणी टाकेना. टपरीवर नाना स्वतः येऊन बसले होते, ग्लास हातात, नजर बसवर. त्यांच्यासमोर त्यांच्या गावातली बाई चढणार कशी? मी घड्याळ बघत होतो. ताई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

तेवढ्यात गल्लीतून दर्शना आली. दर्शना म्हणजे नानांची धाकटी सून. बारावी झालेली, पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, हातात डबा. टपरीवरच्या माना तिच्याकडे वळल्या.

"सूनबाई, कुठं?" नानांनी विचारलं.

"ड्युटीवर, बाबा."

"आपल्या घरात काय कमी हाय?"

दर्शना थांबली. "कमी काय न्हाय. माझा काय न्हाय."

ताई पुढे झाली. वाडीतल्या बाईनं नानांच्या सुनेचा हात धरलेला वळच्या नाक्यानं त्याआधी पाहिला नसावा. "चढ गं," ताई म्हणाली, "खिडकीजवळची सीट धर. मी तुझ्या बाजूला बसते. घोरू नकोस म्हंजे झालं."

दर्शना हसली आणि चढली. मग जी रांग लागली ती मी आजही डोळे मिटून बघू शकतो. कोण कुठली, ते दारातून आत जाताना कळेनासं झालं. नाना उठले. मला वाटलं, आता भडकतील. ते बसच्या खिडकीशी आले, सुनेकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "सांजचे किती वाजता सोडता? काळोख पडंल." मी वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. निरोप मागे घेतला असं ते कधीच बोलले नाहीत. फक्त तो पुन्हा फिरला नाही.

शिफ्ट भरली, ती आठवडाभर भरत राहिली. कंत्राट कुणालाच गेलं नाही. आज त्या गोडाऊनच्या गेटवर सकाळी फक्त वॉचमन उभा असतो. कॅन्टीनमध्ये पहिले काही दिवस टेबलं वेगळी पडायची. मग पाळणाघरातल्या पोरांनी एकमेकांचे डबे उघडायला सुरुवात केली आणि आयांना तिकडे धावावं लागलं. आता सुकटीची चटणी कुणाच्या डब्यात चांगली, यावरच काय ती भांडणं. आई पाळणाघरात मदतनीस आहे. ताई फोर्कलिफ्ट चालवते. शिकताना तिनं एक खांब वाकवला, तो मी मुद्दाम दुरुस्त करू दिला नाही.

फार मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. एका कंपनीनं एका गावात माणसं नीट घेतली, इतकंच. बाकीची गोडाऊनं अजून बोटावर चालतात. पण धंदा करणाऱ्यांना आता मी न घाबरता सांगतो, गरिबी हटवायला तुम्ही दान देऊ नका. माणसं थेट घ्या, शिकवा, पगार त्यांच्याच हातात द्या आणि बस कुठं थांबवायची ते त्यांना विचारा. हे शेवटचं मला कुठल्याच मॅनेजरबाईनं शिकवलं नव्हतं.

गोडाऊन मार्गी लावून मी चेन्नईला परतलो होतो. परवा तिथून सुट्टीवर आलो. न कळवता आलो, म्हटलं चकित करू. दाराला कुलूप. आमच्या घराला कुलूप मी पहिल्यांदाच पाहिलं. काम नसल्यामुळे आमच्याकडे कुणी ना कुणी घरात असायचंच, दार सताड उघडं, आणि त्या उघड्या दाराला मी इतकी वर्षं माया समजत आलो. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली, वर सुनावलं, "फोन करून येयाचं ना रे. तुझ्यासाठी कोन घरात बसलंय? समद्या ड्युटीवर."

घर म्हणजे जिथं कुणीतरी आपली वाट बघत असतं, असं बाहेर गेलेले आपण म्हणत असतो. मी कुलूप उघडलं, आत गेलो, सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं आणि शिफ्ट सुटायची वाट बघत बसलो.