सुमनच्या मानेवरचा पांढरा डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुमनला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय.

सुमन माझी थोरली. विजयदुर्गला सासरी झाली. मी गोरी, ती सावळी. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चेडू बापाशीवर गेला." पोर बापावर गेली, एवढंच. वाईट काही बोलल्या नाहीत. पण बारशाला आलेली प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघायची, मग माझ्याकडे. माझी मलाच भीती वाटायला लागली – मला माझ्या मुलीची लाज वाटते की काय?

वाटत होती. हे आधी लिहून टाकते.

बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला भागूमावशी यायची. कोळीवाड्यातली विधवा बाई. गावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. घरी काढलेलं खोबरेल, मऊ दळलेलं डाळीचं पीठ आणि दुधाची साय – यापलीकडे ती बाळाच्या अंगाला काही लावू द्यायची नाही. साबणसुद्धा नको म्हणायची.

नवरा मुंबईला कचेरीत होता. मी त्याला पत्र लिहिलं – बाळासाठी मऊ साबण पाठव, पावडर पाठव. आणि खाली, सासूबाईंना वाचून न दाखवलेली एक ओळ – गोरं करणारं क्रीम मिळतं म्हणे, तेही पाठव. बोटीने आलेल्या शेजाऱ्यांबरोबर डबा आला. सोबत चिठ्ठी. तीत त्याने लिहिलं होतं की क्रीम तुझ्यासाठी घेतलंय, पण दुकानदाराने बजावलंय, लहान मुलांना अजिबात लावायचं नाही.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग चुलीत घातली.

कळलं ना? मला माहीत होतं.

भागूमावशी न्हाऊ घालून गेली की मी माजघराचं दार लोटायची आणि सुमनच्या गालांना, मानेला ते क्रीम चोळायची. थोडंसंच – असं मी मनाला सांगायची. चौथ्या दिवशी मान लाल झाली. न्हाऊ घालताना भागूमावशीने विचारलं, तर उकाड्याने झालं म्हणाले. मी थांबले का? नाही. वाटलं, जुनी कातडी जातेय, खालून गोरी येईल. सहाव्या दिवशी फोड आले. सातव्या दिवशी मानेच्या घडीतली कातडी कापडाला चिकटून निघाली, आणि पोर तापाने फणफणली. दूध ओढेना. रडायचीसुद्धा नाही, नुसती कण्हायची.

सासरे डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी विचारलं, अंगाला काय लावलंत? मी पोरीचं दुपटं सारखं करत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरेल. पोर मांडीवर होती, भट्टीसारखी तापलेली. ती मरेल असं मला स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही मी – आई मी – म्हणाले, "भागूमावशीचं तेल."

दुसऱ्या दिवशी भागूमावशी आली, तेव्हा सासूबाईंनी तिला अंगणातच थांबवलं. तेलात काय घातलंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, "साधा खोबरेल आसा, बाय. दुसरा काय नाय." तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. बसेल कसा? बाळाची आई खोटं का बोलेल?

सुमन जगली. पंधरा दिवस लागले. मानेवर पांढरा डाग राहिला.

त्यानंतर भागूमावशी एकदाच आली, सासूबाई देवळात गेलेल्या असताना. पायरीवर उभी राहिली. सुमनला माझ्या कडेवर बघितलं, वाकून तिची मान हुंगली, आणि हळू आवाजात म्हणाली, "मान लाल झाली त्या दिसा हेच्या मानेक माज्या तेलाचो वास नाय होतो. मी कोणाक सांगूचंय नाय."

मी तेव्हा तरी काही बोलावं की नाही? मी आत गेले आणि कडी लावली.

तिला पुढे कुणी बोलावलं नाही. आधी आमच्या वाडीत, मग गावातच. हात वाईट आहे म्हणायचे. म्हातारपणी टोपली घेऊन दारोदार सुकी मासळी विकायची; आमचं घर तेवढं टाळायची. ती रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या वाटेने जायची. वर्षानुवर्षं भीती एकच – हिने तोंड उघडलं तर?

तिने उघडलं नाही.

सुमन शाळेत जायला लागली होती, तेव्हा एका दुपारी सासूबाईंनी सांगितलं की भागू गेली. मी तांदूळ निवडत होते. रडू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.