खपलीची चपाती

गव्हाची परीक्षा घेणं हे माझं काम. धाराशिवच्या एका प्रयोगशाळेत मी शेतकऱ्यांनी आणलेले नमुने दळते, कणीक मळते आणि ती नळाखाली धूत बसते. पिठूळ पाणी वाहून गेलं की हातात चिवट गोळा उरतो, ते गव्हाचं प्रथिन. लोकवन गव्हाचा गोळा ताणला तरी तुटत नाही. बन्सीचा घट्ट, जरा अडेल. खपलीचा मात्र बोटांतून निसटतो. गंमत म्हणजे आमच्याकडच्या नमुन्यांत प्रथिनं बहुतेकदा खपलीतच जास्त निघतात. रान, खत, पाणी बदललं की आकडा बदलतो, हे आहेच. पण अंगात एवढा गुण असून खपली चपातीच्या परीक्षेत कायम नापास.

गेल्या वर्षी गावी, जळकोटला, माझ्या वडिलांना, आप्पांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, बोटंही हलायला लागली, पण त्यांत जोर आला नाही. भाकरीचा कोरडा कण घशात अडकून ठसका लागायचा, म्हणून डॉक्टरांनी भाकरी बंद करून मऊ चपाती आणि डाळ सांगितली. वजन उतरलंय, प्रथिनं वाढवा, असंही बजावलं.

आता माझ्या आईची, अव्वाची, चपाती साऱ्या गल्लीत नावाजलेली. लोकवनची, घडी घातली तरी चीर न पडणारी. आप्पा उजव्या हाताची बोटं तिच्यावर टेकवून ओढायचे. ताट सरकायचं, चपाती तशीच. आम्ही लिंगायत, पूजेत इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेतात; त्यामुळं डाव्या हातानं धरा म्हटलं की चिडायचे.

"या तळव्यावर रोज लिंग घेतो म्या. उष्टा करू व्हय?"

तुकडे करून वाढले तर, "म्या काय लेकरू हाय?" भरवायला गेलं तर तोंड भिंतीकडं. पुढं पुढं ते ताट बघूनच "भूक न्हाय" म्हणायला लागले. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसायची. ते असेच झिजत जातील या भीतीनं मला रडू यायचं.

खातील तेवढ्या घासात तरी जास्त सत्त्व जावं म्हणून मी खपलीचं पीठ घेऊन गेले. अव्वानं पिशवीत डोकावून पाहिलं.

"खपली हुग्गीला. चपातीला न्हाय."

हुग्गी म्हणजे आमची सणाची गुळाची खीर. मी तिला प्रथिनांवर भाषण दिलं. गहू कुठलाही असो, त्याच्या प्रथिनात एक उणीव राहतेच, ती डाळ भरून काढते, हेही सांगितलं.

"डाळीचं मला शिकवू नगं. आधी लाटून दाव."

मी लाटायला घेतली. कडा चिरल्या, आणि तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे झाले. मग अव्वानं मला उठवलं, गरम पाण्यात कणीक भिजवली, हलक्या हातानं चपाती थापून लाटली. तरी चिरलीच. ताट पुढं ठेवताना ती ओशाळली होती.

"अशी चपाती म्या जल्मात कुणाला वाढली न्हाय. गोड मानून घ्या."

आप्पांनी सवयीनं तीन बोटं टेकवली आणि जराशी दाबली. चपाती तुटली.

ते त्या तुकड्याकडं बघत राहिले. मीही. डावा हात मांडीवर तसाच होता. त्यांनी तुकडा डाळीत बुडवला, थरथरत तोंडाशी नेला आणि खाल्ला. थोडी डाळ सदऱ्यावर सांडली. आम्ही कुणीच पुसायला उठलो नाही. मी प्रथिनांसाठी खपली आणली होती, या तुटण्याचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. ज्या दुबळेपणासाठी तिला नापास करतात, त्यानंच माझ्या बापाला स्वतःच्या हातानं जेवू घातलं. मला इतका आनंद झाला की आपल्याला भूक लागलीय हेसुद्धा तेव्हाच कळलं.

अव्वा तव्याकडं तोंड करून बसली होती. पदर डोळ्यांना लावलेला.

"आणखी एक वाढ," आप्पा म्हणाले.

अव्वानं टोपलीतल्या चपात्या वरखाली केल्या आणि त्यांतली सगळ्यांत जास्त चिरलेली शोधून त्यांच्या ताटात वाढली.