गेटपासवरचं वय

हिरामावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत लिफ्टची वाट बघत उभी होते. तिच्या सुनेचा फोन होता. डेंग्यू झाला, आठवडाभर ताप उतरला नाही, सकाळी सगळं संपलं... एवढंच ती रडत रडत बोलली. मी फोन ठेवला तर शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी. कोण गेलं, म्हणून त्यांनी विचारलं. आमची इराला सांभाळणारी मावशी, मी म्हटलं. त्यावर मान हलवत ते म्हणाले, "बघा मॅडम, मी तेव्हाच म्हणत होतो. वय झालं होतं त्यांचं." महिना होत आला, पण ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. डास काय आधार कार्ड बघून चावतो?

पण खरं सांगायचं तर वयाचा प्रश्न आधी मीच विचारला होता. इरा सात महिन्यांची होती आणि मला बेलापूरच्या ऑफिसात परत रुजू व्हायचं होतं. कोन गावाहून मावशी भेटायला आली, तेव्हा मी कागदावर प्रश्नच लिहून ठेवले होते. पहिलाच प्रश्न, वय किती? तिने प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. त्यावर बासष्ट होतं आणि जन्मतारीख अर्थातच एक जानेवारी. "कॅम्पात सायबानी इचारलं, तर मी बोलले मला नाय ठाव, तुमीच बघून लिवा," ती म्हणाली. साहेबांनी पिकलेले केस बघितले, मिश्रीने काळे पडलेले दात बघितले आणि आकडा टाकला. मला हसू आलं. हसत हसत मी गेटपाससाठी कार्डाचा फोटोही काढून घेतला. मग भीत भीत विचारलं, "मावशी, बाळाला घेऊन पडलात बिडलात तर?"

"ताई, माजं गुडघं मला ठाव हाय. मी तिला घेऊन उभीच नाय रानार. खाली बसल्यावर पडायचं कुटं?"

आणि खरोखरच तिने सगळं जमिनीवर आणलं. बेडरूमच्या कोपऱ्यात स्वतःची गोधडी अंथरली आणि तिथेच इराचं खाणं, खेळणं, झोपणं. मोरीत पाटावर बसून, पाय लांब करून त्यावर आंघोळ. इरा रांगायला लागली तेव्हा मावशीने आधी बाहेरच्या दाराला कडी घातली, कारण "मला धावायला नाय जमत." आपल्याला काय जमत नाही हे इतकं स्वच्छ सांगणारं माणूस मी ऑफिसातही पाहिलेलं नाही. अडीच वर्षांत माझ्या मुलीला साधं खरचटलंसुद्धा नाही. मीच एकदा तिला सोफ्यावर ठेवून फोन घ्यायला वळले आणि ती पडली. तेव्हा माझं वय चौतीस होतं.

गेल्या वर्षी कमिटीने नियम काढला, साठीच्या वरच्या कामवाल्यांना गेटपास नाही. म्हणे जबाबदारी कोण घेणार. त्या कमिटीत साठीच्या आतलं कोण आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. चांगला लांबलचक मेल लिहिला, दोनदा वाचला आणि पाठवला नाही. उगाच शेजाऱ्यांशी वाकडं कशाला, असं वाटलं. मावशीला गेटवर जाऊन सांगितलं, तर तीच माझी समजूत घालत होती. "तुमी नका वाईट वाटून घेऊ. पोरीला चपाती दुधात कुस्करून द्या, कोरडी नाय खात ती." पुढे दोन तरुण मुली आल्या आणि गेल्या. त्या वाईट नव्हत्या. पण तोपर्यंत इराने दुपारचं झोपणंच सोडलं होतं.

दहाव्याला कोनला गेले. मावशीचा थोरला भाऊ ओटीवर बसला होता. तळोज्याच्या कंपनीतून गेल्याच वर्षी अठ्ठावनला रिटायर झालो, असं तो सांगत होता. "हिरा माज्या पाठची, दोन वर्सांनी लानी." मी मनातल्या मनात हिशेब केला. नियम निघाला तेव्हा ती छप्पन्नची होती! बघून लिहिलेला आकडा आहे, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकदा विचारायचं होतं, मावशी, तुमच्यापेक्षा मोठं कोण? तेवढंही मला सुचलं नाही. आणि समजा चौसष्ट खरं असतं, तरी काय? तिचे गुडघे तिला माहीत होते. आम्हाला आमचं काय माहीत होतं?

तिची गोधडी अजून त्याच कोपऱ्यात आहे. न्यायला ती कधी वर येऊच शकली नाही. काल इरा त्या गोधडीवर पाय लांब करून बसली, बाहुलीला पायांवर पालथं घातलं आणि पाठ चोळायला लागली, अगदी मावशीसारखं ओठ मुडपून. मी दारात उभी होते. मान वर न करताच तिने विचारलं, "आई, मावशीला अजून गेटवर अडवतात?"

मी हो म्हटलं.