अकोल्यात नापास होणारी चाचणी

आईच्या खुब्याचं ऑपरेशन अमरावतीला झालं आणि मी पुण्याची खोली सोडून अकोल्याला घरी येऊन बसले. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. मी डिबगर तपासते. डिबगर म्हणजे दुसरा प्रोग्राम एकेक ओळ थांबवत चालवून दाखवणारं साधन. प्रोग्रामर त्यातून आपल्या चुका शोधतात. त्या साधनातच चूक असली तर ती शोधायला माझ्यासारखी माणसं पगारावर ठेवतात. हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा जांभई देतो, म्हणून हल्ली मी सांगतच नाही.

त्या मे महिन्यात एकच चाचणी माझ्या मानगुटीवर बसली होती. चालत्या प्रोग्रामला कधीकधी मध्येच सिग्नल येतो. मग तो हातातलं काम टाकतो, सिग्नलसाठी लिहून ठेवलेला हँडलर उरकतो आणि जिथं सोडलं तिथं परत येतो. मी डिबगरला 'एक ओळ पुढे' म्हटलं आणि नेमका तेव्हाच सिग्नल आला, तर हँडलर उरकू देऊन त्यानं पुढच्या ओळीवर थांबायला हवं. आमचा डिबगर कधीकधी थांबायचंच विसरायचा. प्रोग्राम सुसाट शेवटापर्यंत. आणि हे फक्त माझ्याकडे व्हायचं, तेही दुपारीच. अकोल्याच्या उन्हात लॅपटॉप तापून मंद व्हायचा आणि सिग्नल नको त्या क्षणी येऊन पोचायचा.

एवढं कळायला मला तीन आठवडे लागले. पुण्यातल्या आमच्या साहेबांना ते पटेना.

"अगं, आमच्याकडे ती एकदाही नापास होत नाही. काढून टाक ती चाचणी," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. चाचणी खोटी नव्हती, आणि माझं डोकंही मूळचं तापट. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "शुक्रवारी तीन वाजता माझ्या डोळ्यांदेखत नापास करून दाखव. नाही जमलं तर एक तारखेपासून इथं येऊन बस. तिथून तुला काही जमत नाहीये."

आई वॉकर धरून न्हाणीपर्यंत जायची, बस, तेवढंच. घरात तिसरं माणूस नाही. तिला यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं.

शुक्रवारी गच्चीवरचे कपडे काढून आणले आणि थेट टेबलाशी बसले. साहेब फोनवर होते आणि पुण्यातून माझी स्क्रीन बघत होते. चाचणी चालवली, पास. परत चालवली, पास. एरवी त्या वेळेला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नापास व्हायचीच. आठव्या खेपेलाही पास झाली तेव्हा साहेब नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये माझी बदली होती. तेव्हा लक्षात आलं, माझी मान कोरडी आहे. मे महिन्यात, दुपारी तीनला!

मागं वळून पाहिलं. एरवी आईच्या खाटेकडे तोंड करून असलेला कूलर टेबलाकडे वळला होता. आई खाटेच्या कडेला वॉकर धरून बसली होती, घामानं चिंब, धापा टाकत.

"आई, हा कूलर कोणी फिरवला?"

"मीच फिरवला. तुही मशीन किती तापली होती माय, हात लावला तं चटका बसला. मले काय होते? मी तं पडूनच हावो."

मी गच्चीवर असताना नवा सांधा बसवलेल्या बाईनं पाण्यानं भरलेला कूलर ढकलला होता. मी तिच्यावर ओरडले, फोन चालू असताना, साहेबांच्या देखत. मग कूलर परत तिच्याकडे वळवला आणि साहेबांना म्हटलं, "वीस मिनिटं थांबा. लॅपटॉप तापू द्या."

"काय?"

"तापू द्या म्हटलं."

थांबले बिचारे. मग पहिल्या दोन खेपा पास झाल्या आणि तिसऱ्या खेपेला प्रोग्राम न थांबता शेवटाला जाऊन पोचला.

"परत," साहेब म्हणाले. परत तेच झालं. मग ते म्हणाले,

"बरं. लिहून पाठव. आणि हे दुरुस्त होईपर्यंत तिथून हलू नकोस."

मी लॅपटॉप मिटला. आनंद वगैरे काही झाला नाही.

"पास झाली काय?" आईनं विचारलं.

"नापास."

तिचा चेहरा उतरला. "म्हंजे जा लागते तुले पुण्याले?"

तिला हे कसं ठाऊक? साहेबांचे फोन मी स्पीकरवर घ्यायची, आणि ती त्याच खोलीत तीन आठवडे पडून होती. सगळं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. त्यातलं तिला एवढंच कळलं होतं की काम जमलं नाही तर मी जाणार. कूलर तिनं मशीनसाठी फिरवला नव्हता.

"नाही जात," मी म्हटलं. "ती नापासच व्हायला पाहिजे होती."

"खोटं नोको सांगू."

"खरंच नाही जात, आई."

तिनं ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि मग वॉकरवर कपाळ टेकून रडली.